जेवल्याशिवाय कसे उठतील?

सकवारबाई: तिथें नका बसूं! उठा, डॉक्टरम्मा, उठा आधीं.

रेवा: अहो काकू, काय झालं? खुर्ची ओली आहे का?

सकवारबाई: खुर्चीवर आमचे यजमान आहेत.

रेवा: कोण?

सकवारबाई: यजमान. मागल्या गुरुवारीं तुम्हींच नाहीं कां बोलावलें त्यांस? "डोळे मिटा काकू, समजा ते समोर बसलेत, मनात आहे ते बोला." मी डोळे मिटले. ते आले, बसले. मग तुम्हीं घड्याळ पाहिलें, "आजची वेळ संपली" म्हटलें, अन् मला लिफ्टपर्यंत सोडलें. त्यांस कोणीं सोडलें?

रेवा: अरे देवा. म्हणजे आठवडाभर ते इथंच?

सकवारबाई: मग कोठें जातील? त्यांस मद्रासच्या या टोकाचे, अड्यारचे रस्ते माहीत नाहींत. जन्म तिकडे तिरुवल्लिकेणींत गेला. आणि हंसूं नका.

रेवा: हसत नाही. उठले बघा. मी हा स्टूल घेते. काकू, एक विचारू? रागावू नका. राणोजीराव जाऊन वर्ष होईल आता...

सकवारबाई: मला वेडी समजूं नका. गेले तेव्हां शेजारीं मीच होतें. गेलेल्यांसच तर बोलावतात. असलेल्यांस फोन करतात.

रेवा: खरं आहे. मला सांगा ना, तुमच्याकडे कसं बोलावतात? मला खरंच माहीत नाही. आम्हाला कॉलेजात एवढंच शिकवलं, की समोर रिकामी खुर्ची ठेवायची आणि माणसाला मनातलं बोलू द्यायचं.

सकवारबाई: कॉलेजांत बोलावण्याचा मंत्र शिकवला, पाठवण्याचा नाहीं शिकवला?

रेवा: नाही शिकवला. आज पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय.

सकवारबाई: ऐका मग. आमच्यांत वाटेल तेव्हां बोलावीत नाहींत. तिथीला बोलावतात. आधीं जागा पुसायची, पान मांडायचें, नांव घेऊन या म्हणायचें. जेवूं घालायचें. पोट भरलें कां विचारायचें. मग हात जोडून "सुखें जा" म्हणायचें, तेव्हां ते उठतात. जेवल्याशिवाय कसे उठतील? मनुष्य जिता असो कीं मेला, घरीं बोलावून भुकेला ठेवला तर अपमान तो अपमानच.

रेवा: आमच्याकडे नाशिकला गणपतीची उत्तरपूजा केल्याशिवाय मूर्ती जागची हलवत नाहीत. पाठवणीचं दही हातावर ठेवतात. तसंच ना हे?

सकवारबाई: तसेंच. मग ठाऊक होतें कीं तुम्हांस! गणपतीला दही, आणि माझ्या यजमानांस घड्याळ?

रेवा: चुकलं माझं. मनापासून सांगते, चुकलं. मला तेव्हा सुचलंच नाही.

सकवारबाई: सरी, असूं दे. मला झोंप नाहीं हो. रात्रीं वाटतें, इथें दिवा तरी कोण लावीत असेल? आणि दिवसा हें असें! लोक येतात, आपापलीं रडगाणीं गातात, आणि त्यांस समोर बसून ऐकावें लागतें. तो मनुष्य कधीं दुसऱ्यांच्या भानगडींत पडला नाहीं.

रेवा: काकू, मागच्या वेळी तुम्ही त्यांना एकच शब्द म्हणालात. "चोर." मग रडायला लागलात, आणि नेमकी वेळ संपली. तो शब्द माझ्या मनातून जात नाहीये. काय चोरलं त्यांनी?

सकवारबाई: तेंही इथेंच बोलूं? त्यांच्यासमोर?

रेवा: त्यांना ठाऊकच असेल ना. मला नाही ठाऊक.

सकवारबाई: नार्तंगाय खाल्लेंत कधीं?

रेवा: नाही. काय असतं?

सकवारबाई: महाळुंग असतें ना, मोठें, लिंबासारखें, जाड सालीचें? तें चिरून मिठांत मुरवायचें, उन्हांत वाळवायचें. पुन्हां मीठ, पुन्हां ऊन. काळें होईपर्यंत. दहीभाताबरोबर त्याचा एवढा तुकडा. माझ्या हातचें नार्तंगाय म्हणजे त्यांचा जीव. बरणी त्यांच्या पुढ्यांत असायची.

रेवा: नुसत्या वर्णनानंच तोंडाला पाणी सुटलं.

सकवारबाई: त्यांच्या मूत्रपिंडांत बिघाड होता. डॉक्टरनें सांगितलें होतें, मीठ बंद, लोणचें तर विषच. मुरली म्हणून त्यांचा मित्र, तो बरोबर गेला होता एग्मोरच्या इस्पितळांत. घरीं काय सांगितलें? लायब्ररींत जाऊन येतों. मला नाहीं सांगितलें, मुलांस नाहीं. दहाव्याच्या दिवशीं मुरली माझ्यापुढें रडला, तेव्हां कळलें.

रेवा: आणि तोपर्यंत तुम्ही...

सकवारबाई: तोपर्यंत मी वाढीत होतें! रोज. हंसत हंसत. आणि ते काय म्हणायचे ठाऊक आहे? "सकू, आज सारांत मीठ थोडें कमी पडलें." मागून घेऊन खाल्लें हो. माझ्या हातानें. मीच घातलें तें त्यांच्या पोटांत. म्हणून चोर. सांगितलें असतें तर मी बिनमिठाचें शिजवलें असतें, मीही तेंच खाल्लें असतें. तेवढाही हक्क नव्हता मला?

रेवा: म्हणून तुम्ही घरातलं मीठ बंद केलंत.

सकवारबाई: माझ्या लेकीनें, कीर्तनेनें सांगितलें ना?

रेवा: पहिल्याच दिवशी. म्हणाली, वर्षभर सगळे अळणी जेवतायत, कारण मात्र अम्मा सांगत नाही. आणि रविवारी वर्षाची तिथी आहे, तुमचा मुलगा व्यंकटेश बेंगळूरहून येतोय, पण तुम्ही म्हणता स्वयंपाक हॉटेलातून मागवा.

सकवारबाई: काय शिजवूं सांगा. मीठ घालून वाढूं, तर पुन्हां तेंच पाप. बिनमिठाचें वाढूं, तर ते एक घांस घेऊन पान सारतील. म्हणतील, वर्षानें बोलावलें तेंही हें खाऊं घालायला? आणि माझी चूक नाहीं असें मला म्हणूं नका. सगळे म्हणतात. पुरोहितही म्हणाला.

रेवा: नाही म्हणत. मला तर ते विचारायचंय त्यांना, की का नाही सांगितलंत.

सकवारबाई: तुम्हीं विचारणार?

रेवा: तुम्ही विचारा. समोर आहेत की. खरं तर आमच्या शिक्षणात याच्यापुढची पायरी अशी, की तुम्ही उठून त्यांच्या खुर्चीवर बसायचं आणि त्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं.

सकवारबाई: अय्यो! त्यांच्या आसनावर मी?

रेवा: बरं, राहू दे. ती पायरी आपल्याला नको.

सकवारबाई: आणि भुकेल्या मनुष्यास जाब विचारीत नाहींत. आधीं जेवण.

रेवा: माझ्या डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी आहे. चालेल?

सकवारबाई: तुमचा डबा तुम्हीं खा. मी आणलें आहे.

रेवा: या पिशवीत? मघापासून मांडीवर धरून बसलात, मी म्हटलं औषधं असतील.

सकवारबाई: दहीभात आहे. पान आहे. पहांटे उठून केला. पण डबा उघडवत नाहीं. कीर्तनेला बोलवा आंत. बापाचें पान एकटीनें मांडायचें नसतें.

रेवा: तिच्यासमोर हे सगळं बोललेलं चालेल तुम्हाला? इथलं बोलणं मी बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही म्हणाल तेवढंच तिला कळेल.

सकवारबाई: सगळें कळूं दे. कधीपासून एकटीच वागवतें आहें.

रेवा: कीर्तना, आत येतेस?

कीर्तना: काय झालं? अम्मा ठीक आहे ना? अम्मा, रडलीस?

सकवारबाई: खुर्चीवर अप्पा आहेत. नमस्कार कर.

कीर्तना: अम्मा, प्लीज! डॉक्टर, सॉरी, ही घरी असं काही बोलत नाही. आक्चुअली आज सकाळपासून...

रेवा: त्यांना मी बोलावलंय, कीर्तना. मागच्या आठवड्यात. आणि जेवू न घालता तसंच बसवून ठेवलं. आता काकू मला पाठवणी शिकवतायत.

कीर्तना: तुम्ही पण? सरी. अप्पा, नमस्कार.

सकवारबाई: बापाला मूत्रपिंडाचा आजार होता. मीठ वर्ज्य होतें. आपल्यापासून लपवलें त्यांनीं.

कीर्तना: अम्मा, तुला कधी कळलं?

सकवारबाई: दहाव्याला. तुला?

कीर्तना: मला आत्ता. खरंच आत्ता. म्हणून मीठ बंद? म्हणून बरणी फेकलीस? मला वाटलं, तुला काही चवच कळेना झाली. मी किती घाबरले ठाऊक आहे? मी नेटवर काय काय वाचलं! एकदा सांगायचं ना ग.

सकवारबाई: काय सांगूं? तुझ्या बापाला मी मारलें, असें?

कीर्तना: अम्मा, असं नको ना बोलू. इकडे ये.

(कीर्तना आईला मिठी मारते. खाली रस्त्यावर बस थांबते आणि निघून जाते.)

सकवारबाई: पोदुम, पुरे. सोड आतां. त्यांस भूक लागली असेल. पान पूस.

कीर्तना: याच्यात मीठ आहे?

सकवारबाई: नाहीं घातलें. हातच जाईना मिठाच्या डब्याकडे.

कीर्तना: डबा कुठला? घरात मीठच नाही. हे घे.

सकवारबाई: हें काय?

कीर्तना: मीठ. पर्समध्ये ठेवते. ऑफिसला डबा नेते ना, त्यावर घालायला. सॉरी.

सकवारबाई: मला ठाऊक आहे. तुझा नवराही बाथरूमच्या कपाटांत ठेवतो, दाढीच्या सामानामागें.

कीर्तना: अय्यो, ते पण माहीत? मग काही बोलली का नाहीस?

सकवारबाई: बोलून काय करूं? खाणाऱ्याचा हात धरून कोणी...

रेवा: काय झालं काकू? थांबलात का?

सकवारबाई: कांहीं नाहीं. पानावर मीठ कोठें वाढतात तुमच्यांत?

रेवा: सगळ्यांत आधी, वर, कडेला. लिंबाच्या फोडीशेजारी. ज्याला लागेल तो घेतो.

सकवारबाई: आमच्यांतही कडेलाच. खालीं, डावीकडे. शिजवतांना मी हात आखडूनच घालीत असें हो, कमी असलें तर घेतां येतें म्हणून. ते कडेचें घ्यायचे. चिमूट घेतली कीं माझ्याकडे पाहायचे. मला वाटायचें, कौतुकानें पाहतात. ठाऊक होतें त्यांस काय खातात तें. ठाऊक असून घेत होते.

कीर्तना: अम्मा, मी ठेवू मीठ?

सकवारबाई: नको. मीच वाढणार. हें एवढें. कडेला. अहो, ऐकतां कां? भात अळणी आहे. मीठ बाजूला आहे. मी वाढलें, घ्यायचें कीं नाहीं तें तुम्हीं पाहा. तेव्हांही तुम्हींच पाहिलेंत.

रेवा: अजून काही विचारायचंय त्यांना?

सकवारबाई: विचारलें मनांत. तोंड भरलेलें असतां ते कधीं उत्तर देत नसत. आजही देत नाहींत.

रेवा: मग तुम्हाला काय वाटतंय?

सकवारबाई: आलें तुमचें "काय वाटतंय"! वाटतें आहे कीं चोर तो चोरच. माझा राग गेला नाहीं, जायचाही नाहीं. पण त्यांस शेवटपर्यंत माझ्या हातचें चवीनें खायचें होतें, रोग्यासारखें नाहीं. मला विचारायला हवें होतें. नाहीं विचारलें. पण खाल्लें तें त्यांनीं, आपल्या हातानें. मी खाऊं घातलें, मारलें नाहीं. एवढें आज माझें मलाच दिसलें.

कीर्तना: अप्पा जेवले असतील आता?

सकवारबाई: जेवले. ढेकर नाहीं दिली, परक्या घरीं संकोच. उभी राहा, हात जोड. डॉक्टरम्मा, तुम्हींही. बोलावलें तुम्हीं आहे. म्हणा, सुखें जा.

रेवा: सुखें जा. आणि त्या दिवशी तसंच उठवून... नाही, तसंच बसवून ठेवलं, त्याबद्दल माफ करा.

सकवारबाई: अहो, जा आतां. रविवारीं घरीं या. स्वयंपाक मी करतें, हॉटेलचें नाहीं. नवें नार्तंगाय मुरायला वेळ लागेल, तें पुढल्या तिथीला.

कीर्तना: खरंच करशील, अम्मा? व्यंकटेशला सांगू?

सकवारबाई: सांग. आणि येतांना मीठ घेऊन ये म्हणावें. मोठी पिशवी.

रेवा: काकू, आता मी या खुर्चीवर बसू?

सकवारबाई: बसा. रिकामी आहे. आणि हा डब्यांतला राहिलेला भात तिघींत वाटून घेऊं, टाकायचा नसतो. कीर्तना, डॉक्टरम्मांस आधीं दे.

रेवा: थोडाच द्या हं.

सकवारबाई: अळणी लागेल. मीठ बाजूला ठेवलें आहे, हवें तेवढें तुमचें तुम्हीं घ्या.