गुलाबशेट आणि हिरवं पाणी

ऐका. आणि दिनकर, तो मोबाईल आधी खिशात घाल. भुताची गोष्ट सांगा म्हणून मला जेवणावरून उठवून आणलंत, आता ऐका तरी.

फरशीच्या पुलावरून रात्री जाऊ नये, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी माणसं जातात. का? तर वाट जवळची पडते. कप्पाळ.

केवळाबाई ढगे निघाली ती दिवेलागण उलटून गेल्यावर. कामच तसं होतं. तिच्या मक्यावर लष्करी अळी पडली होती. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत बसून पानांची चाळण करत होती. बचत गटाच्या बायकांनी कुकरात तांदूळ शिजवून त्यावर हिरवी बुरशी वाढवली होती. ही बुरशी अळीच्या अंगावर पडली की आत शिरते आणि अळी जागच्या जागी वाळून काडी होते. फक्त कडक उन्हात बुरशीच मरते, म्हणून अंधार पडल्यावर, दवात मारायची. तो तांदूळ पाण्यात चोळून, गाळून, बाईनं हिरवं पाणी दोन कॅनमध्ये भरलं. एक डोक्यावर, एक हातात. गटाकडे तेवढंच उरलं होतं. नवी बुरशी वाढेपर्यंत मका राहणार नव्हता. नवरा गंगाराम फवारणीचा पंप घेऊन आधीच रानात गेलेला.

पुलाजवळ गुलाबशेटचं शेतीच्या औषधांचं दुकान. शेट वारला, दुकानाला कुलूप लागलं, कुलपाला गंज चढला. जिवंतपणी या माणसानं एका गिऱ्हाइकाला एका बाटलीवर कधी सोडलं नाही. सोबत हेही न्या, तेही न्या. आणि आपली माणसं? नको म्हणायची लाज. बरं, द्या म्हणायचं, चार औषधं एकाच पंपात ढवळायची, आणि गुण आला नाही की नशिबाला बोल लावायचा. मी यावर पेपरात लिहून लिहून थकलो. मेल्यावरही शेट तेच करतो. एवढंच, की तुम्ही हो म्हणेपर्यंत त्याला तुमच्या मालाला हात लावता येत नाही.

तर बाई पुलावर आली. दुकानात दिवा. गल्ल्यावर शेट, पांढरी टोपी, तेच हसू.

“या वहिनी. काय नेताय?”

बाई बोलली नाही. चालत राहिली. नाला गेला, बाभळी गेल्या, पुढे बघते तर पुन्हा पूल. पुन्हा दिवा. पुन्हा शेट. आता तो म्हणतो, पावसाळी दिवस आहेत, मक्यावर करपा येईल, सोबत मोरचूद टाका, एका फवाऱ्यात दोन कामं. बाई चालली. पुन्हा पूल. या खेपेला गल्ला रस्त्यावर आलेला, आणि हातातल्या कॅनचं झाकण आपोआप फिरतंय. तिनं ते दाबून धरलं. झाकण तळहातात फिरतंच आहे. कातडी सोलली. बाई गप्प.

मग मागून गंगारामचा आवाज आला. अगदी तसाच, वैतागलेला.

“अगं, शेट म्हणतात तर घे की. किती वेळ लावतेस?”

बाई दमलेली, मान अवघडलेली, त्यात नवऱ्याचा हा सूर. तोंडातून निघून गेलं, “बरं, द्या.”

संपलं. निळी पूड कॅनमध्ये पडली. हिरवं पाणी बघता बघता निळं झालं. आणि तेव्हा बाईच्या डोक्यात उजेड पडला. मोरचूद कशाला मारतात? बुरशीला! आपण काय नेतोय? बुरशीच. मागे वळून पाहिलं, गंगाराम नव्हताच. तो तिकडे मचाणावर घोरत पडला होता.

शेटनं हात लांबवला. लांबवला म्हणजे गल्ल्यावरून थेट तिच्या डोक्यापर्यंत, दुसऱ्या कॅनपर्यंत.

“त्यातही टाकू ना, वहिनी?”

बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, निळा कॅन शेटच्या अंगावर भिरकावला, आणि डोक्यावरचा छातीशी धरून पुलावरून खाली उडी घेतली. गुडघ्याएवढा चिखल. वर शेट विचारतोय, टाकू ना, टाकू ना. आधी गंगारामच्या आवाजात, मग तिच्या मेलेल्या आईच्या आवाजात. बाई नाल्यानाल्यानं रानाच्या बांधाला लागली, तरी बोळा काढला नाही. खुणेनंच नवऱ्याला उठवलं म्हणे. तो आधी तिलाच भूत समजला.

त्या रात्री अर्धंच रान फवारून झालं. पुढच्या आठवड्यात त्या अर्ध्यात अळ्या पोंग्यापोंग्यात ताठ होऊन पडल्या होत्या, आधी पांढऱ्या, मग हिरव्या. उरलेल्या अर्ध्यात पानांच्या नुसत्या शिरा उभ्या. बाई बांधावर उभी होती. मी होतो तिथे. एका शब्दाला अर्धं रान गेलं, काका, एवढंच ती म्हणाली.

तेव्हा ऐका. ती वाट धरू नका. मारुतीवरून वळसा घ्या, पाय दुखले तर दुखू देत. तुम्ही ऐकणार नाही, मला माहीत आहे. मग निदान एवढं करा. शेटनं काहीही विचारलं, कुणाच्याही आवाजात विचारलं, तर तोंड उघडू नका.