पातेल्यांखालचा कोबी

नाही हो, न्ताते सेखोबे, पातेली वाळत घातलीत. वाफ्यात? हो, वाफ्यात. माझी पातेली, माझा वाफा, उद्या झाडावर वाळत घालीन. — बसा त्या दगडावर. मुखियाबाईंनी पाठवलंय ना? घरोघर विचारत फिरताय, शेजारची मालिनेओ घरात मरून पडलेली असताना मातीला हात कुणी लावला म्हणून. मी नाही. ती बघा माझी कुदळ, भिंतीला टेकलेली. मंगळवारपासून हललेली नाही, कोळ्यानं जाळं विणलंय तिच्यावर. शनिवारी माती देईपर्यंत शेतात काम करायचं नाही, केलं की गारा पडतात — हे मला शिकवू नका. सासूनं शिकवलंय, झाडूनं.

आणि पडल्याच की काल. कोंबडीच्या अंड्याएवढ्या. सगळ्या गावाचा मका आडवा, भोपळ्याच्या पानांची चाळण — माझ्यासुद्धा! तेव्हा असं बघू नका माझ्याकडे.

शिवाय हे काय शेत आहे? दाराशी कंबरेएवढा, मातीनं भरलेला दगडांचा गोल, मधे टोपली, तिच्यात मी खरकटं पाणी ओतते. याला शेत म्हणायचं तर माझी चूलही शेतच. नवरा खाणीतून खोकत परत आला, वाकता येईना, म्हणून उभ्याउभ्या काम करायला त्यानं रचला. तेव्हा मालिनेओ भिंतीवरून म्हणते, "स्वतःला पुरायला बांधतोय का गं हा?" — जीभच तशी तिची. चार वर्षं बोलत नव्हतो आम्ही. तिच्या कोंबडीनं माझं बीट उकरलं, मी कोंबडी शिजवली. मग बोलायचं काय राहिलं?

सोमवारी मात्र भिंतीवरून ओलं पोतं आलं, धप्पकन. कोबीची रोपं. "आजच लाव, मुळं सुकतायत." चार वर्षांनी एवढंच! मी म्हटलं, तू सांगतेस म्हणून लावू होय? नाही लावत जा. पोतं तसंच ठेवलं. मंगळवारी पहाटे ती गेली.

बुधवारी पानांनी माना टाकल्या. मग? बघत बसू? — लावली. भर दुपारी, तुम्ही सगळे तिकडे तिच्या अंगणात होतात तेव्हा. कुदळीनं नाही, मक्याच्या पिठाचा घट्ट पापा घोटायच्या लाकडी चमच्यानं. चमच्यानं गारा पडतात असं सासू कधी बोलली नाही. आणि ऊन लागू नये म्हणून वर पातेली पालथी घातली. म्हणून गारांतूनही वाचली. सात आहेत.

बघा, सांगून बसले. गप्प बसून काढून घेता तुम्ही, घाणेरडी खोड आहे तुमची.

ठीक आहे. दंडाला मेंढी न्या, काळ्या कानाची. टकरा मारते, सांभाळून. शनिवारी माती दिल्यावरच्या जेवणाला मला हंड्यांशी उभं करू नका, मी मागं उभी राहीन. बायका शिव्या देतील, देऊ देत, त्यांचा मका गेलाय. पण लावलेलं उपटून आणा म्हणाल्यात ना मुखियाबाई? कळलंय मला. — उठू नका. त्या पातेल्याला हात लावू नका, न्ताते. चार वर्षांत तिनं मला एकच गोष्ट सांगितली, ती मी दोन दिवस उशिरा केली.

कुदळीवरचं जाळं अजून शाबूत आहे. मोडायला लावू नका मला.

मेंढी मागं बांधलीय. निघा.