वावटळीचा डावा पाय

वडील : चहा राहू दे गं. दिवाणजीनं सकाळचा खुराक संपवला का, ते सांग.

मुलगी : चाटूनपुसून. वर शेजारच्या घोड्याच्या बादलीत तोंड घालत होता.

वडील : मग आज पळेल. नऊ वर्षांचा झालाय, पण पोट भरलं की त्याला तारुण्य येतं. आणि जाई?

मुलगी : पहिलीच शर्यत ना, आत्तापासूनच घामाघूम. लाउडस्पीकर खरखरला की कान ताठ.

वडील : जॉकीला सांग, चाबूक नुसता हातात धरायचा. गर्दीत पळायला शिकली, तरी आजच्यापुरतं झालं. आजचा दिवस वावटळीचा! एक्केचाळीस वर्षं घोडे तयार करतोय, अशी घोडी दोनदाच हाताला लागली. आणि नेमका आजच मी तंगडी मोडून पलंगावर... ती कशी आहे?

मुलगी : बाबा, वावटळ पळणार नाही. मी तिचं नाव काढून घेतलं.

वडील : काय?

मुलगी : डावा पुढचा पाय. गुडघ्याखाली, मागच्या शिरेवर. गरम लागला, आत काहीतरी दुखावलंय.

वडील : डॉक्टर काय म्हणाले?

मुलगी : चालवून पाहिली, पळवून पाहिली. लंगडत नाही. त्यांना काही सापडलं नाही.

वडील : त्यांना नाही सापडलं आणि तुला सापडलं! पंधरा दिवस तबेला काय सांभाळलास, एवढी शहाणी झालीस? मला एक फोन करता येत नव्हता?

मुलगी : केला असता तर तुम्ही ‘पळव’ म्हणाला असतात.

वडील : म्हणालोच असतो! आता मालकीणबाई तिन्ही घोडे उचलून दुसरीकडे नेतील. मग बसू आपण माश्या मारत.

मुलगी : नेऊ देत. मी तीनदा हात लावून पाहिला. तळव्यानं नाही, मनगटाच्या आतल्या बाजूनं. तुम्हीच शिकवलंत.

वडील : शिकवलं म्हणून माझ्यावरच उलटवतेस?

मुलगी : मी दहा वर्षांची होते. तुम्ही शर्यतीहून आलात, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसलात आणि आईला म्हणालात, “त्या घोडीचा पाय गरम होता. मला कळलं होतं. तरी पळवली, आणि पाय मोडला तिचा.”

वडील : तुला कोणी सांगितलं?

मुलगी : कोणी नाही. दाराआड होते.

वडील : ...जा तू. उशीर होईल. दिवाणजीच्या खोगिराचा पट्टा स्वतः आवळ, दुसऱ्यावर सोपवू नकोस.

(संध्याकाळ. तीच खोली. मुलगी शर्यतींहून परतली आहे.)

वडील : टीव्ही लावलाच नाही मी. सांग एकेक.

मुलगी : दिवाणजी पाचवा. शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे, मग दम संपला. पण आला मात्र रुबाबात, जिंकल्यासारखा.

वडील : लबाड आहे. आणि जाई?

मुलगी : गेट उघडलं आणि ही उभीच! सगळे निघून गेले. मग काय अंगात आलं कोण जाणे, एकेकाला मागे टाकत तिसरी आली. चाबूक लागला नाही. शर्यत संपली तरी थांबेना, जॉकी वर बसून हसतोय.

वडील : श्वास?

मुलगी : मोकळा.

वडील : अरे वा! हिला लांब पल्ल्याची शर्यत द्यायला हवी. ...वावटळ?

मुलगी : दुपारी चार वाजता पाय सुजला. बोटभर. डॉक्टर म्हणाले, आज पळाली असती तर शीर तुटली असती. आता काही महिने विश्रांती, मग पळेल पहिल्यासारखी.

वडील : मालकीणबाई?

मुलगी : सकाळी फाडून खाल्लं मला. पाय सुजल्यावर तबेल्यात आल्या, वावटळीच्या मानेला डोकं टेकवून उभ्या राहिल्या कितीतरी वेळ. जाताना म्हणाल्या, “घोडे इथेच राहू देत.”

वडील : हं.

मुलगी : तुम्हीही ओळखलं असतंत, बाबा.

वडील : ओळखलं असतं. नाव काढून घेतलं नसतं.

मुलगी : पाय जरा वर घ्या, उशी सरकलीय.

वडील : उद्या पहाटे मला गाडीत घालून ने. मैदानाच्या कडेला बसून राहीन. तोंडातून अक्षर काढणार नाही.

मुलगी : बोला की. पंधरा दिवस तुमच्या शिव्या नाहीत. सगळ्या तबेल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतंय.