क्रुसाला मिठी

बसमध्ये माझ्या पुढच्याच सीटवर म्हातारा कोलमन आणि त्याची बायको डिम्प्ना बसली होती.

कोलमन म्हणाला, “उद्या माझं ऑपरेशन. आधी कुरणातल्या दगडी क्रुसापाशी उतरू. मिठी मारून मागे बोटं जुळली, की मागितलेलं मिळतं.”

“तुझं पोटच आधी क्रुसावर कोरलेल्या त्या ॲडमला चिकटेल. हात मागे पोचायचे कधी?”

“पन्नास वर्षांपूर्वी पोचले होते. तुला मागितलं आणि मिळालीस!”

“चांगलं वीतभर अंतर राहिलं होतं रे.”

“काहीतरीच! बोटांना बोटं लागली होती. शपथेवर सांगतो.”

“ती माझी होती. मी क्रुसामागे लपले होते.”

“अगं, आणि हे आज सांगतेस?”

“ऊठ, आपला थांबा आला.”

“आता कशाला उतरायचं?”

“आजही मी मागे उभी राहते की.”