तटाच्या आतलं मरण

"राजे गेले, राजवटी गेल्या, पण या शहराचा तट उभाच आहे, मी त्याच्या आतच मरणार!"

एवढं गरजून म्हातारे हाओ तटाबाहेरच्या दवाखान्यातल्या बाकावर खोकत दुमडले. औषधाच्या रांगेतल्या शेजारीण चियाओबाईंनी मान वळवली नाही, कान वळवले.

"मामंजी, आपल्या घराचं संग्रहालय झालंय," बाकाशी उभी असलेली सून म्हणाली.

"बाहेर मेलेल्याचं प्रेत उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, सूनबाई. पूर्वजांना तोंड कसं दाखवू?"

"मी विचारून आले. तुमच्या झोपायच्या ओट्याला दोरी बांधलीय."

"मग तिथं झोपतं कोण?"

"मेणाचा सावकार."

"आपल्या घराण्यात सावकार कधी होता?"

"पर्यटकांना आवडतो."

"रात्री गुपचूप नेशील?"

"संध्याकाळीच कुलूप लावतात."

हाओंनी पाठ बाकाला घासून पाहिली.

"मग आज मरणं काही जमत नाही. सूनबाई, जरा पाठ खाजव."