पट्टीखालचं नाव

आदरणीय अध्यक्ष काशीरामभाऊ, व्यासपीठावरचे मान्यवर आणि मुलुंडपासून मालाडपर्यंतच्या, लांबून आलेल्या तमाम सकपाळ बंधुभगिनींनो,

बावीस वर्षांनी मी या कुलमंडळाचं चिटणीसपद सोडतोय. निरोपाला गोड बोलावं म्हणतात. आज जमणार नाही. डोकं फिरलंय माझं!

'कर्तबगार सकपाळ' ही स्मरणिका मी वर्षभर खपून केली. चौदा नावं. न्यायाधीश आहेत, कबड्डीपटू आहेत, जाखडी नाचाचे शाहीर आहेत. पान नऊ उघडा. पांढरी पट्टी दिसतेय? तिच्याखाली कमल सकपाळ आहेत. माहुलजवळच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं परिचारिका.

पट्टी का लावली? मजकूर तपासायला आपले उपाध्यक्ष नितेश यांनी बाईंना फोन केला. पहिला प्रश्न काय, तर "तुमचं कुलदैवत कोणतं?" बाई म्हणाल्या, "आम्ही बौद्ध आहोत." झालं! आज सकाळी हा मला सांगतो, "काका, त्या आपल्यातल्या सकपाळ नाहीत ना!" अरे, आडनाव काय तुझ्या बापाचं आहे? माफ करा, बापाचंच आहे. त्यांच्याही बापाचं आहे!

काशीरामभाऊ, खाली काय बघताय? तुमच्या श्वेताच्या बाळंतपणात मूल आडवं होतं, तेव्हा हात कुणाचे होते? "राजाराम, त्या बाईंमुळे पोर आणि नातू दोघं हाती लागले," हे मला कोण म्हणालं होतं? तेव्हा विचारलंत कुलदैवत? आणि पट्टीच्या ठरावावर पहिली सही तुमची! जनाची नाही, मनाची तरी ठेवायची.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. सभासदत्वाच्या फॉर्मात 'कुलदैवत' हा रकाना मीच घातला होता. तो कुणाला दाराबाहेर ठेवतोय, हे बावीस वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही. कमलबाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलायत. मीच बोलावलं तुम्हाला, आणि हे बघायला लावलं. मला लाज वाटते. तुमची माफी मागतो.

मला दिलेली शाल आणि नारळ या खुर्चीवर ठेवतोय. आज मला ते पेलवणार नाहीत. बाकीच्यांनी पान नऊवर नख लावा. खळ पातळ आहे, पट्टी सहज निघते.

जेवणासाठी सकाळपासून राबणाऱ्या आपल्या महिला मंडळाचे मनापासून आभार. बोलण्यात माझं काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. पट्टीची माफी मात्र माझ्या खात्यात ढकलू नका; ती सह्या करणाऱ्यांनीच मागायची.

काशीरामभाऊ, माईक चालू ठेवलाय. या.