नाईल वर चढते कशी

...दोष एर्सिलियाबाईंचा, दुसऱ्या कुणाचाही नाही, आणि म्हातारं माणूस आहे, जाऊ दे, असं मला कुणी सांगू नका, म्हातारी माणसं इथे इटलीत, आमच्या तारांतोत, पैशाला पासरी मिळतात आणि एकजात सगळी उपदेश करतात. तुम्हाला सांगतो, लॅटिन माझं गेलेलं, गणित गेलेलं, विज्ञानाची तिरडी बांधून तयार. चौथा विषय गेला की वर्ष गेलं. उरला होता इतिहास-भूगोल, आमच्याकडे दोन्ही मिळून एकच विषय, आणि तो बाईंनी मला आवडायला लावला. गरज होती का?

भिंतीवर बिननावांचा नकाशा, त्यात नाईल खालून वर चढते. मी म्हटलं, बाई, पाणी कधी वर चढतं का? तर म्हणतात कशा, "वर म्हणजे उत्तर, हे भिंतीला माहीत, काताल्दो. नदीला कुठे माहीत? ती बिचारी उताराने जाते."

झालं... मी कामातून गेलो. गाळ कुठून येतो, पूर आला नाही तर इजिप्तच्या फारोची, म्हणजे राजाची, झोप का उडते, रात्रंदिवस तेच. बाबा समुद्रात दोरांवर शिंपले वाढवतो, तो ओरडायचा, "शिंपल्यांचे दोर कोण ओढणार, तुझा फारो?" दोष बाईंचाच.

तर वर्षाची शेवटची तोंडी. दहापैकी सहा मिळाले की सुटलो. फळ्याजवळ उभा केला आणि बाई म्हणाल्या, "आवडीच्या धड्यापासून सुरुवात कर, बाळा." ही आमच्याकडची रीतच, बुडत्याला पहिली काडी. मी नाईल काढली... आणि दुसऱ्याच वाक्याला बाईंची मान खाली, डोळा लागलेला.

आता त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, रात्रभर खोकतो, हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं? आणि लॅटिनचे पालुम्बो सर टपलेले. मुख्याध्यापकांच्या कानाला लागून आले होते, "आणखी एकदा वर्गात झोपल्या तर निवृत्तीची वाट कशाला बघायची?" निवृत्तीला महिना उरलेला. मग उठवणार कोण? मी आवाज बारीक केला आणि बोलत राहिलो. तुम्हाला सांगतो, असा मी जन्मात बोललो नाही... पूर आणला, गाळ पसरला, गहू उगवला, कोठारं भरली, आणि मागच्या बाकावरची टवाळ कार्टी हनुवटी टेकून ऐकतायत. बाईंचा चष्मा घसरला तो पहिल्या बाकावरच्या नुन्त्सियाने अलगद काढून ठेवला आणि मला खुणेने म्हणाली, पुढे?

घंटेने बाई दचकून जाग्या, चष्मा चाचपतायत, तोवर दारात पालुम्बो सर. "काय बाई, या रत्नाला किती दिले? की ऐकलंच नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं... ते नकोच. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, "सर, बाई तासभर वाट बघत होत्या. मला काही येत नाही. मी तोंडच उघडलं नाही."

"एक वाक्य तरी सांग ना रे," बाई म्हणाल्या.

"घंटा झाली, बाई," सर म्हणाले. "दोन लिहा."

बाईंनी लिहिले. दोष कुणाचा, सांगा आता.

जूनअखेर बाईंचा निरोप समारंभ झाला. फुलं, केक, आणि पालुम्बो सरांचं भाषण, "एक जागरूक शिक्षिका..." शपथेवर सांगतो, जागरूक म्हणाले. बाई पहिल्या रांगेत नवी शाल घेऊन बसल्या होत्या, छान दिसत होत्या.

मी नापास झालो. पुन्हा शाळेत गेलो नाही.